अभंग ऐकतो, पत्रिका देत नाही

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि खोकला शक्य तितका काढला आहे.)

आवाज थोडा बसलाय, त्यामुळे आज मी जरा जास्तच गंभीर वाटेन. मनावर घेऊ नका. हेडफोन लावा, भांडी घासत असाल तर घासत राहा, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असाल तर काही करू नका, कारण करण्यासारखं काही नाहीच.

तर मागच्या एपिसोडनंतर एकाने विचारलं की तू दर दोन एपिसोडला एकदा सांगतोस की मी देव मानत नाही. मग तुझ्या प्लेलिस्टमध्ये निम्मे अभंग कसे? हा डबल गेम नाही का?

प्रश्न मला आवडला. आणि सध्या माझ्या घरात असं काही चाललंय की हाच प्रश्न दुसऱ्या तोंडून, जरा मोठ्या आवाजात, मला रोज विचारला जातोय. त्यामुळे आज गाणी, सिनेमे, देव आणि माझं लग्न, सगळं एकत्रच बोलू. हो, लग्न. येतो तिथे.

आधी गाणी.

भीमसेन जोशी जेव्हा ‘विठ्ठल’ हा शब्द घेतात तेव्हा मला विठ्ठल आहे की नाही हा प्रश्न पडत नाही. त्या वेळी तो प्रश्न गैरलागू असतो. ‘ठ्ठ’वरचा तो जोर, मागे टाळ, आणि मग अख्ख्या वाक्याला हळूहळू वर नेणं. छातीत काहीतरी हलतं, आणि ते हलायला माझी परवानगी लागत नाही. तुम्ही पंजाबी न कळता पंजाबी गाण्यावर नाचता ना? नाचता. मी लग्नांत पाहिलंय तुम्हाला.

पण हे उत्तर अर्धंच आहे, कारण अभंग म्हणजे नुसते सूर नाहीत, शब्द आहेत, आणि ते कुणाच्या तरी खऱ्या श्रद्धेतून आलेत. की नाही? इथे एक गंमत सांगतो. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’, १९३६ चा. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम झालेले. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला सिनेमा. त्यातलं ‘आधी बीज एकले’ तुकारामांचंच आहे असं लोक वर्षानुवर्षं मानत आले. ते तुकारामांचं नाही. ते लिहिलंय शांताराम आठवले यांनी, सिनेमासाठी, गीतकार म्हणून. म्हणजे एका माणसाला काम मिळालं, त्याने ते इतकं चोख केलं की लोकांनी ते सरळ गाथेत नेऊन ठेवलं. आता ते ऐकताना हात जोडणाऱ्या माणसाची भक्ती खोटी का? मला नाही वाटत. गाण्यातली श्रद्धा लिहिणाऱ्याच्या खिशात नसते, ती ऐकणाऱ्याकडे तयार होते. मग माझ्याकडे जे तयार होतं त्याला श्रद्धा म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. माझं काही म्हणणं नाही.

आता दुसरं नाव घेतो. प्रल्हाद शिंदे. २००४ साली गेले. आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांचे वडील, आदर्श शिंदेचे आजोबा. तुमच्या गावात सत्यनारायणाची पूजा झाली असेल, गणपतीचा मांडव पडला असेल, आषाढी एकादशीला चौकात स्पीकर लागला असेल, तर हा आवाज तुम्ही ऐकलाच आहे. आमच्या घरी साताऱ्याला सकाळी आंघोळीचं पाणी तापत असताना हा आवाज असायचा. पंढरपूर मी प्रत्यक्ष पाहायच्या आधी प्रल्हाद शिंदेंच्या आवाजात पाहिलं.

आणि हाच आवाज १४ एप्रिलला भीमगीतं गातो. बाबासाहेबांची गाणी. तोच गळा, तीच फेक, तीच ढोलकी. आपल्यापैकी काहींच्या घरात एकच प्रल्हाद शिंदे वाजतात, काहींच्या घरात दुसरेच. एकाच माणसाची दोन दुकानं शेजारी-शेजारी असावीत आणि गिऱ्हाइकांची कधी गाठ पडू नये, तसं आहे ते.

माझ्या घरात विठ्ठलवाले प्रल्हाद शिंदे होते. माझ्या मैत्रिणीच्या घरात भीमगीतवाले. (इथे मी थांबतो. तिला विचारूनच हे बोलतोय. नाव नाही घेणार.)

आम्ही चार वर्षं एकत्र आहोत. तीही इंजिनिअर, माझ्यापेक्षा चांगली, हे ती सांगेलच. तिने एकदा माझ्या गाडीत जितेंद्र अभिषेकींचं ‘अबीर गुलाल’ लागलेलं असताना विचारलं, “तू हे ऐकताना नक्की काय ऐकतोस?” मी रागाबद्दल, चालीबद्दल बोलायला लागलो. ती म्हणाली, “हा चोखामेळा आहे. तो देवळाच्या बाहेर उभा राहून, मला आत येता येत नाही असं सांगतोय.” आणि खरंच आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीजवळ आहे, देवळाच्या बाहेर. विठ्ठलाचं ते देऊळ दलितांना उघडलं १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे तो अभंग सहाशे वर्षं गायला जात होता आणि दार बंदच होतं. इतकं गोड गाणं आणि आत इतकी जुनी तक्रार. तेव्हापासून ते गाणं मी ऐकतो, पण पार्श्वसंगीत म्हणून नाही लावत. कोडिंग करताना तर नाहीच.

बरं, सिनेमे. थोडक्यात आटपतो, नाहीतर एपिसोड दोन तासांचा होईल.

श्रद्धेवरचा माझा आवडता मराठी सिनेमा ‘देऊळ’. २०११, उमेश कुलकर्णी. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. गिरीश कुलकर्णीचा केश्या, त्याला दत्त दिसतात. सिनेमा केश्याची टिंगल करत नाही, हे मला फार आवडतं. टिंगल आहे ती त्याच्या दिसण्याचं बांधकाम करणाऱ्यांची. गावात हॉस्पिटल व्हायचं असतं, तिथे देऊळ होतं. केश्याचं दिसणं त्याचं स्वतःचं होतं. गावाने ते टेंडर करून टाकलं.

आणि दुसरा ‘द डिसायपल’. २०२०, चैतन्य ताम्हाणे, व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार. हा पॉडकास्टवाल्यांचा सिनेमा आहे असं मी कायम म्हणतो, कारण त्याचा नायक रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावर बाईक चालवत कानात एका गायिकेची जुनी भाषणं ऐकत असतो. माईंची. त्या माई पडद्यावर दिसत नाहीत, फक्त आवाज, आणि तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. माई सांगतात, गाणं म्हणजे तपश्चर्या, त्याग, एकटेपणा. शरद ते सगळं मानतो. सगळं करतो. आणि तरी त्याचं गाणं ‘तिथे’ पोचत नाही. श्रद्धेवर इतकं निर्दयी मी काही पाहिलेलं नाही. पूर्ण निष्ठेने नियम पाळले तरी समोरून काही येईलच असं नाही. हे देवळातल्या माणसाला माहीत असतं का? माझ्या आईला माहीत आहे. तिला विचारलं मी. ती म्हणाली, “येईल म्हणून कोण जातंय रे?”

आता आईकडे येतो.

गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. सगळं नीट झालं, आता ते रोज पाच किलोमीटर चालतात आणि त्याचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकतात. पण त्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर मी आणि आई बसलेलो, एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. मी तिच्यासाठी केलेली भक्तिगीतांची प्लेलिस्ट शफलवर. आणि ज्या क्षणाला नर्स बाहेर येऊन “झालं, व्यवस्थित आहेत” म्हणाली त्या क्षणाला विठ्ठलाचं गाणं सुरू झालं. आईने माझा हात धरला. “बघ. त्याच वेळी लागलं.”

त्या प्लेलिस्टमध्ये ४० गाणी होती. त्यातली ३१ विठ्ठलाची.

मी काही बोललो नाही. पण आता तुम्हाला शफलबद्दल सांगतो, कारण मला ते सांगायला आवडतं आणि पुढे लागणार आहे. समजा प्लेलिस्टमध्ये १० गाणी आहेत. ५ भीमसेनांची, ५ लताबाईंची. शफल केलं. भीमसेन आणि लता असे गायक बसण्याचे एकूण २५२ प्रकार होतात. त्यातले फक्त २ असे की भीमसेन-लता-भीमसेन-लता असं छान आळीपाळीने येतं. उरलेल्या २५० मध्ये कुठे ना कुठे एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येणारच. म्हणजे खरं शफल केलं तर जवळजवळ नेहमीच कुणीतरी लागोपाठ येतं. आणि लोकांना काय वाटतं? “हे शफल बिघडलंय, याच्या मनात काहीतरी आहे.” इतक्या तक्रारी आल्या की ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्समधलं शफल मुद्दाम कमी रँडम करायची सोय दिली, म्हणजे ते जास्त रँडम वाटावं. स्पॉटिफायच्या इंजिनिअर्सनी २०१४ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. त्यांनीही एका गायकाची गाणी लांब-लांब पसरवायला घेतली. योगायोग आपल्याला योगायोगासारखा दिसतच नाही, म्हणून तो हाताने करून द्यावा लागतो.

आम्ही इंजिनिअर यातून सुटलोय असं समजू नका. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावायचा नाही हे आमचं सोवळं. खंडेनवमीला लॅपटॉपला हळदकुंकू आम्हीच लावतो. इस्रोच्या पीएसएलव्हीच्या उड्डाणांची यादी बघा, सी-१२ नंतर थेट सी-१४ आहे. माणसं आहेत. मला यात हसू येतं, पण राग येत नाही.

तर, त्या बाकड्यावर आईने नवस बोलला होता. बरं झालं की मुलाला घेऊन जेजुरीला येईन, तळी भरीन. मला न विचारता. खंडोबा आमचं कुलदैवत. आणि लक्षात घ्या, नवस बोलायच्या आधी तिने डॉक्टरांना चार प्रश्न विचारले होते, कुठला स्टेंट, किती दिवस गोळ्या, आणि संमतीपत्रावर सही केली होती. हा क्रम महत्त्वाचा आहे.

मी गेलो. साताऱ्याहून लोणंद, नीरा करत. पायऱ्या चढलो. ताटात भंडार, खोबरं, पानं-सुपाऱ्या, सगळ्यांनी मिळून ते ताट उचललं, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणालो. मोठ्याने म्हणालो, हळू म्हणताच येत नाही ते. अख्खा गड पिवळा, केस पिवळे, माझ्या लॅपटॉपच्या बॅगेची चेन आजही पिवळी आहे. वर उभं राहून मला अरुण कोलटकर आठवत होते. त्यांची ‘जेजुरी’, १९७६, इंग्रजी कविता, दुसऱ्या वर्षी राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळालेली. त्या पुस्तकातला माणूस ना भक्त आहे ना भक्तांना हसणारा. तो नुसता नीट बघतो. पडलेलं दार, पुजारी, कुत्री, दगड. मला ही जागा ओळखीची वाटली, म्हणजे उभं राहण्याची जागा.

यात खोटेपणा झाला का? एका मित्राचं म्हणणं, झाला. तू मानत नाहीस आणि जयजयकार करतोस. मला तसं वाटत नाही. कारण तिथे मला कुणीच विचारलं नाही की तू मानतोस का. आईला माहीत आहे मी मानत नाही, मी बारावीत असल्यापासून माहीत आहे. ती मला फसली नाही, मी तिला फसवलं नाही. ताट जड होतं, हात लावायला माणूस हवा होता, मी लावला.

आणि आता लग्न.

जेजुरीहून येताना नीरेच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी घरी सांगितलं. मुलगी कोण, घर कुठलं, काय करते. बाबा म्हणाले, “फोटो दाखव.” आई गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाली, “स्वभावाने कशी आहे?” मला वाटलं, झालं की. आपण उगाच घाबरत होतो.

दोन दिवसांनी मामाचा फोन. आणि तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “तिची जन्मवेळ विचारून घे.”

बघा, ‘पत्रिका जुळत नाही’ हे आपल्याकडचं सगळ्यात सभ्य ‘नाही’ आहे. त्यात कुणाचा अपमान होत नाही, जातीचं नाव घ्यावं लागत नाही, मुलगी काळी आहे असं म्हणावं लागत नाही, हुंडा कमी पडला असंही म्हणावं लागत नाही. सगळं आकाशावर ढकलून मोकळं. मला माझ्या आईवर आरोप करायचा नाही. पण मामाला मी ओळखतो. आडनाव ऐकल्यावर जन्मवेळ आठवलेली आहे, त्याच्या आधी नाही.

आणि मी काय करणार, मी इंजिनिअर. रात्री बसलो आणि ते सगळं वाचून काढलं. ३६ गुण असतात, १८ जुळले तर चालतं. हे गुण कशावरून? दोघांच्या चंद्राच्या राशी आणि नक्षत्रावरून. म्हणजे दोन इनपुट आणि एक टेबल. नक्षत्रं २७, आणि चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. त्यामुळे त्या दिवशी जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या मुलींचे माझ्याशी तेवढेच गुण जुळतात, साताऱ्यातल्या आणि नागपुरातल्या, हसणाऱ्या आणि डोकं खाणाऱ्या. एका दुपारी लिहून होईल असा कोड आहे.

मग मंगळ. लग्नस्थानापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मंगळ. पाच घरं. एकूण किती घरं? बारा. बारातली पाच म्हणजे शंभरातले साधारण ४२. मंडळी, ४२! हा दोष आहे का? शंभरातल्या ४२ लोकांना जे असतं त्याला आपण दुसरीकडे ‘कॉमन’ म्हणतो. त्यामुळेच मग अपवादांची भलीमोठी यादी आहे. अमुक राशीत असला तर चालतो, तमुक ग्रहाची दृष्टी असली तर चालतो, दोघांनाही असला तर चालतो. कोडमध्ये इतके इफ-एल्स दिसले की आम्ही काय म्हणतो? मूळ फंक्शनच चुकीचं लिहिलंय.

मी हे सगळं आईला समजावून सांगितलं. कागदावर काढून. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली, “माझे आणि तुझ्या बाबांचे २८ गुण जुळले होते.” मी म्हटलं, “आई, तुम्ही रोज दह्यावरून भांडता.” ती म्हणाली, “म्हणून तर टिकलंय.” याच्यावर माझ्याकडे गणित नाही.

बाबांनी व्यवहारी तोडगा काढला. म्हणाले, कुठलीतरी वेळ सांगून टाक ना, जुळेल अशी. हे फार घरांत चालतं, तुम्हालाही माहीत आहे. आणि अवघडही नाही. लग्नराशी साधारण दर दोन तासांनी बदलते. मंगळाची नको असलेली घरं पाच, म्हणजे दहा तास टाळायचे. दिवसातले १४ तास मोकळे! ऑफिसातला मित्र तर म्हणाला, दे जन्मतारीख, मी स्क्रिप्ट मारून वेळ काढून देतो.

मी नाही म्हणालो. तेही सांगतो का.

एक, हे आईला फसवणं आहे. जेजुरीत मी तिला फसवलं नव्हतं. तिथे माझ्याकडून फक्त हात मागितला होता, इथे माझ्याकडून खोटी माहिती मागितली जातेय, आणि तिच्यावर ती विश्वास ठेवणार आहे. दोन, आज मी खोटी वेळ देऊन पास झालो तर त्या टेबलाला नापास करायचा अधिकार आहे हे मी मान्य केलं. उद्या माझ्या धाकट्या बहिणीसाठी, चुलत बहिणीसाठी तेच टेबल समोर येईल, आणि मामा म्हणेल, त्याच्या वेळी बघितली होती ना?

आणि तिसरं सगळ्यात मोठं. तिच्या घरी पत्रिका नाहीच. हरवली नाही, केलीच नाही. तिच्या आजोबांनी धम्म स्वीकारला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या तिच्या घरात भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या आहेत. तिच्या आजोबांनी ठरवून जे सोडलं, मुलांना त्यातून बाहेर काढलं, तेच त्यांच्या नातीकडे आम्ही लग्नाची फी म्हणून मागणार? तिच्या आईला फोन करून ‘वेळ किती होती हो’ विचारणार? माझ्या तोंडून ते निघणार नाही. तिला मी सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, “माझ्या जन्मदाखल्यावर तारीख आहे, वेळ नाही. आईला आठवतंय की बाहेर पाऊस होता. पावसावरून बघता येतं का विचार.”

हसली, पण मग दोन दिवस फोनवर नीट बोलली नाही.

‘सैराट’ आठवा, २०१६ चा. अजय-अतुलचं संगीत, चाली डोक्यातून जात नाहीत, अख्खा महाराष्ट्र नाचला. आणि शेवटी ते लहान बाळ चालत बाहेर येतं तेव्हा नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. काहीच नाही. थिएटरमध्ये लोकांच्या श्वासाचा आवाज येत होता. मला कायम वाटतं, आपण नाचलो त्याचंही ते उत्तर आहे. आमच्या घरी तसलं काही होणार नाही, मला माहीत आहे, माझे आईबाप चांगली माणसं आहेत. पण चांगल्या माणसांकडे पत्रिका असते.

तर आई माझ्यावर चिडली. आणि चिडून जे म्हणाली ते त्या श्रोत्याच्या प्रश्नासारखंच होतं: “अभंग ऐकायला चालतात. प्रसादाचं खोबरं चालतं. दिवाळीचा फराळ चालतो. गोड तेवढं घेतोस तू आमच्यातलं. कडू आलं की तुझं सायन्स.”

हे वाक्य चांगलं आहे. मी दोन आठवडे त्याच्यावर विचार करतोय.

मला जे सुचलंय ते असं. गोड-कडू असा तो फरक नाही. बाकड्यावर गाणं लागलं आणि आईने त्याला अर्थ दिला, तेव्हा बाबा बरे झालेलेच होते. घडून गेलेल्या गोष्टीला कुणी हळद लावत असेल तर मी ताट धरीन. पायऱ्या कितीही असू देत. पण अजून न घडलेली गोष्ट, दुसऱ्या कुणाची तरी, त्या हळदीने अडवायची म्हटली की मी ताट खाली ठेवतो. आणि तिथे ‘तुझा विश्वास आहे का’ हा प्रश्न येतच नाही. मी उद्या कट्टर खंडोबाभक्त झालो तरी हीच रेघ ओढेन. भक्त असूनही ही रेघ ओढणारे लोक आहेत. चोखोबांपासून आहेत.

आता गंमत ऐका. मी कागदावर ४२ टक्के काढून दाखवले, त्याचा शून्य परिणाम झाला. पण मागच्या रविवारी मामा घरी आलेला. मी स्वयंपाकघरात, ते बाहेर. मामा हळू आवाजात ‘आपल्यात’, ‘त्यांच्यात’ असं काहीतरी बोलत होता. आणि आई म्हणाली, “दादा, म्हाळसा वाण्याची आणि बानू धनगराची. देवाने कुणाची पत्रिका बघितली होती?”

मी कूकरची शिट्टी धरून उभा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खंडोबाच्या दोन बायका. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. आमच्या घरी ‘जय मल्हार’ मालिका चालू असताना, २०१४ पासून ती तीन वर्षं, आई रोज संध्याकाळी बानूच्या बाजूने भांडायची. टीव्हीशी. तेव्हा मला कंटाळा यायचा. माझ्या सगळ्या सायन्सला जे जमलं नाही ते त्या मालिकेने केलं, किंवा खंडोबाने केलं, किंवा आईच्या स्वतःच्या डोक्याने. नास्तिक म्हणून मी तिसऱ्याला क्रेडिट देतो.

मामा गप्प झाला. चहा न घेता गेला.

लगेच टाळ्या वाजवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, “तरी पण वेळ विचारून ठेव. असू दे आपल्याकडे.” म्हणजे बघा.

मी विचारलेली नाही. विचारणार नाही. पुढच्या महिन्यात दोन्ही घरं भेटतायत, पुण्यात, आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर, कारण ती जागा कुणाचीच नाही. आईने भेटीचं मान्य केलंय, लग्नाचं नाही. तिच्या बाबांनी एकच अट घातली आहे की पत्रिकेचा विषय कुणी काढला तर ते उठून जातील. ती त्यांची अट मला पूर्ण मान्य आहे आणि ती मी आईच्या कानावर घातली आहे. आईने विचारलं, “त्यांना काय आवडतं खायला?” आणि थोड्या वेळाने, “गाणी वगैरे लावायची का?” मी म्हटलं, “प्रल्हाद शिंदे लाव.” ती म्हणाली, “कुठले?”

म्हणजे तिलाही माहीत होतं, इतकी वर्षं, की दोन आहेत.

जेजुरीला लग्नानंतर नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायची पद्धत आहे. ते मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मी येईन बघायला. पाया पडणार नाही. आणि उचलायचं असेल तर आधी जिम लाव.” जिम लावलेली नाही.

असो. तुमच्याकडे पत्रिकेचं काय झालं ते मला कळवा, विशेषतः ज्यांनी खोटी वेळ दिली त्यांनी. नावं वाचणार नाही. हा एपिसोड आईने आधी ऐकलाय, तिच्या परवानगीनेच टाकतोय. तिने दोन बदल सांगितले. नुसतं ‘भीमसेन’ म्हणू नकोस, पंडितजी म्हण. आणि ते दह्याचं काढ.

दह्याचं ठेवलंय. पंडितजींचं पुढच्या वेळेपासून. भेटू शुक्रवारी, तोपर्यंत प्रॉडक्शनला हात लावू नका.